मनाचे दुखणे कुणाला सांगावे?

अंगात ताप भरला तर हाताला चटका लागतो. पाय मोडला तर चालता येत नाही. ही दुखणी चारचौघांना दिसतात. लोक विचारपूस करतात. कुणी गाडी काढतो आणि दवाखान्यात नेतो.

मन दुखले तर? ते कुणाला दिसत नाही. माणूस कामाला जातो, जेवतो, कधी हसतोही. पण आत काहीतरी कुरतडत असते. घरचे म्हणतात, "याला काय झालं? धडधाकट तर आहे." शेजारी म्हणतात, "बाहेरचं असंल काही." आणि तो स्वतः म्हणतो, "सांगू कुणाला? लोक मला येडा म्हणतील."

असे दुखणे आतल्या आत वाढत जाते. ते ऐकून घेणारी आणि त्यातून वाट काढायला मदत करणारी शिकलेली माणसे असतात. त्यांच्या कामाला समुपदेशन म्हणतात. शब्द जड आहे. त्यात उपदेश दडलेला आहे. पण हे काम उपदेशाचे नाही. ते आधी ऐकण्याचे आहे.

हे काम कसे चालते, ते आपण आज समजून घेऊ.

कारखान्याच्या गावात

छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. त्याच्याजवळ वाळूज आहे. १९८५ साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला. मग आणखी कारखाने आले. कामगारांची वस्ती वाढली. तेच हे बजाजनगर. जवळच छोटे पंढरपूर आहे. आषाढीला तिथे दर्शनाला मोठी गर्दी लोटते.

मराठवाड्यातल्या खेड्यांतून कितीतरी तरुण इथे कामाला येतात. खोली भाड्याने घेतात. आठवड्याला पाळी बदलते. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. शेत गावाकडे, पोट इकडे. आई-बाप गावाकडे, लेकरे इकडे. जीव दोन ठिकाणी ओढला जातो.

समजा, असाच एक कामगार आहे. गावी पाच एकर कोरडवाहू जमीन. दोन वर्षे पीक गेले. बँकेचे कर्ज थकले. बहिणीचे लग्न तोंडावर आले. रात्रपाळी करून तो घरी येतो, पण डोळा लागत नाही. गावाकडून फोन आला की छातीत धडधड होते. बायकोवर उगाच ओरडतो. यंत्रावर हात चुकतो.

त्याला वाटले, काळजाचा आजार असेल. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली. पट्टी चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले, "काळीज ठीक आहे. मनावर ताण आलाय. समुपदेशकाला भेटा."

तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "मी काय येडा आहे का?"

बायको म्हणाली, "येडे नाहीत, म्हणून तर तुम्हाला कळतंय की काहीतरी बिघडलंय. चला, मी येते संगं."

त्या खोलीत काय होते?

काही समुपदेशक सरकारी दवाखान्यात असतात. काही संस्थांत असतात. काही जण स्वतःचे खाजगी काम करतात. शहरात एखादी लहान खोली घेतात. बाहेर पाटी असते. आत दोन-तीन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, बंद दार. सुई नाही, यंत्र नाही.

आपला कामगार अशाच एका खोलीत गेला. समोर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आधी तीन गोष्टी सांगितल्या.

"भाऊ, इथं बोललेलं मी बाहेर सांगणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, तरच घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगीन. आपण पाऊण तास बोलू. माझी फी इतकी आहे. चालेल ना?"

मग त्या ऐकत राहिल्या. मध्ये बोलल्या नाहीत. "असं नको वागू," असे म्हणाल्या नाहीत. तो आधी अडखळत बोलला. मग बांध फुटल्यासारखा बोलला.

शेवटी बाईंनी सरळ विचारले, "भाऊ, जीव द्यावा असं कधी मनात येतं का?"

तो गप्प झाला. मग खाली बघून म्हणाला, "येतं ताई. रात्रपाळीला येतं कधीकधी."

पुष्कळांना वाटते, असे विचारले तर नसता विचार डोक्यात शिरेल. तसे होत नाही. विचारल्याने माणसाचे ओझे हलके होते. कुणीतरी न भिता विचारले, एवढाही आधार असतो.

बाईंनी त्याला विचारून बायकोला आत बोलावले. त्याला एकटे सोडू नका, असे सांगितले. मनोविकाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. १४४१६ हा फोन नंबर लिहून दिला. चार दिवसांनी परत बोलावले.

गाठ सोडवायची कशी?

दुसऱ्या भेटीत बाईंनी एक कागद पुढे केला. मधोमध रेघ मारली.

"एका बाजूला, जे तुमच्या हातात नाही ते लिहा. दुसऱ्या बाजूला, जे हातात आहे ते."

त्याने लिहिले. पाऊस हातात नाही. बाजारभाव हातात नाही. झालेले कर्ज एका दिवसात फेडणे हातात नाही.

मग दुसरी बाजू. बँकेत जाऊन हप्ते लांबवता येतील का, हे विचारणे हातात आहे. लग्न साधेपणाने करू, असे बापाशी बोलणे हातात आहे. रात्रपाळीनंतर खोलीत अंधार करून झोपणे हातात आहे. पहाटेचा चहा सोडणे हातात आहे.

बाई म्हणाल्या, "यातलं एकच काम या आठवड्यात करा."

तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "ताई, मी नालायक आहे. बापाला सुख देता आलं नाही."

"असं बाप म्हणतो का?"

"नाही."

"मग बाप फोनवर काय म्हणतो?"

तो थोडा थांबला. "म्हणतो, तब्येतीला जप. पैसा काय, आज नाही उद्या येईल."

"मग नालायक कोण म्हणतंय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. नालायक हा शब्द त्याचा स्वतःचाच होता. फोन वाजला की तो शब्द आधी मनात येई. मग छाती धडधडे. मग राग येई. विचार, शरीर आणि वागणूक या तिघांची अशी साखळी असते. एक कडी सैल केली की साखळी सैल होते. मानसोपचारात हेच शिकवतात.

सहा-सात भेटी झाल्या. डॉक्टरांनी काही दिवस गोळ्या दिल्या. कर्ज फिटले का? नाही. पण तो झोपू लागला. भावाला घेऊन बँकेत गेला. रात्रपाळीला पुन्हा वाईट विचार आला, तेव्हा त्याने बायकोला फोन लावला. समुपदेशक कर्ज फेडत नाही. पण कर्जाखाली दबलेल्या माणसाला उठून बसायला मदत करतो.

याने खरेच गुण येतो का?

२०१५-१६ साली आपल्या देशात बारा राज्यांत मोठी पाहणी झाली. शंभर मोठ्या माणसांत दहा-अकरा जणांना मनाचे काही ना काही दुखणे होते. त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळालेला नव्हता. म्हणजे हे दुखणे एकट्यादुकट्याचे नाही.

गोव्यात संगत नावाची संस्था आहे. ती १९९६ साली निघाली. तिने डॉक्टर नसलेल्या, तिथल्याच माणसांना समुपदेशन शिकवले. त्यांनी आरोग्य केंद्रांत मनाने खचलेल्या लोकांशी सहा ते आठ वेळा बसून बोलणे केले. २०१६ साली त्याचा निकाल छापून आला. ज्यांना समुपदेशन मिळाले, त्यांच्यात शंभरातले ६४ जण तीन महिन्यांत सावरले. ज्यांना मिळाले नाही, त्यांच्यात ३९ जण सावरले.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतही असेच काम झाले. आधी शंभर खचलेल्या माणसांतले चारच जण मदत मागत. दीड वर्षाने सत्तावीस जण मदत घेऊ लागले. गावातलेच माणूस घरी येऊन बोलले, म्हणून भीड मोडली.

दूर आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथे २००६ सालापासून आजीबाई हे काम करतात. दवाखान्याच्या अंगणात बाकडे असते. आजी बाकावर बसून माणसाचे ऐकून घेते. त्यांनाही आधी शिकवलेले असते. नुसती माया पुरत नाही. तिला शिक्षणाची जोड लागते.

कोण काय करतो?

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ मनाचा अभ्यास शिकलेला असतो. तो तपासणी करतो आणि बोलून उपचार करतो. आजारांवर काम करणाऱ्या क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक अडचणींवर बोलून मदत करतो. तो औषध देत नाही. गरज पडली तर चांगला समुपदेशक स्वतःच डॉक्टरकडे पाठवतो.

पैसे देण्याआधी विचारा

खाजगी ठिकाणी फी पडते. कुणी काहीशे रुपये घेतो, कुणी हजारावर घेतो. कष्टाचा पैसा आहे. बैल घेताना आपण दात बघतो. इथेही पारख करावी. विचारायला लाजू नये.

१. तुम्ही काय शिकलात? कुठे शिकलात?
२. तुमची नोंदणी कुठे आहे?
३. एका भेटीची फी किती? साधारण किती भेटी लागतील?
४. माझे बोलणे गुप्त राहील का?
५. औषधाची गरज लागली तर कुठे पाठवाल?

खरा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. जो "तीन दिवसांत बरा करतो" म्हणतो, त्याच्यापासून दूर राहा. जो सगळ्या भेटींचे पैसे आधीच मागतो, त्याच्याबद्दल दोनदा विचार करा. जो डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगतो, किंवा अंगाशी सलगी करतो, तिथून उठून या.

भूत उतरवतो म्हणून मारझोड करणे, चटके देणे हा तर गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ सालापासून तसा कायदा आहे. विठ्ठलाला हात जोडा, भजनाला जा. त्यानेही मन हलके होते. समुपदेशक देव सोडायला सांगत नाही. पण देवाच्या नावावर कुणी लुबाडत असेल, तर सावध व्हा.

पैसा नसेल तर?

पैसा नाही म्हणून दुखणे अंगावर काढू नका.

१४४१६ या नंबरावर फोन लावा. ही सरकारची सेवा आहे. नाव टेलिमानस. ती २०२२ साली सुरू झाली. फोन फुकट आहे. दिवसा-रात्री केव्हाही लावा. मराठीत बोलता येते.

संभाजीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याला लोक घाटी म्हणतात. तिथे मनोविकार विभाग आहे. गावात आशाताईंना विचारा. त्या वाट दाखवतील.

२०१७ सालच्या कायद्याने मनाच्या दुखण्यावर सरकारी उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर तो मोठ्या ताणाखाली होता असे कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा नव्हे, उपचार आणि आधार द्यावा, असे कायदा सांगतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने कुणाला घरात लपवून ठेवू नका. लगेच दवाखान्यात न्या.

ध्यानात ठेवा

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, तर मदत घ्या.

कुणी म्हणाला, "आता जगून काय करू?" तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा. ऐका. एकटे सोडू नका. त्याला घेऊन जा.

कानात नसलेले आवाज येणे, माणूस ओळखू न येणे, असे झाले तर थेट डॉक्टरकडे जा.

मनाचे दुखणे म्हणजे पाप नव्हे, वेड नव्हे. ते सांगायला धीर लागतो. जो सांगतो, तो धीराचा माणूस.

प्रश्न

१. समुपदेशक आणि मनोविकाराचा डॉक्टर यांत फरक काय?
२. पैसे देण्याआधी कोणत्या पाच गोष्टी विचाराल?
३. फुकट मदतीचा फोन नंबर कोणता? तो घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.
४. तुमच्या ओळखीत कुणी हल्ली गप्प गप्प असते का? आज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या.