मुलाखतीला जाताना

मागच्या धड्यात आपण नोकरीचा अर्ज लिहायला शिकलो. आता समजा, अर्जाला उत्तर आले. "सोमवारी सकाळी दहा वाजता भेटायला या," असा निरोप आला. आनंद होतो आणि छातीत धडधडही सुरू होते. काय विचारतील? काय घालून जावे? आपण शाळा शिकलो नाही हे कळले, तर दारातूनच परत पाठवतील का?

या धड्यात आम्ही त्या सोमवारविषयी बोलणार आहोत. आम्ही जुनी अकरावी पास. उभा जन्म शाळेत गेला, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तरुणपणी टेबलाच्या अलीकडे बसून मुलाखत दिली. पुढे टेबलाच्या पलीकडे बसून इतरांच्या मुलाखती घेतल्या. दोन्ही बाजूंनी जे दिसले, ते सांगतो.

आपल्या गावाचे काम बदलले

आपली भिवंडी यंत्रमागांची. गल्लीबोळांतून मागांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकू येई. मागावर काम मिळवायला मुलाखत लागत नसे. गाववाला कारखान्यात घेऊन जाई. शेठ किंवा मुकादम विचारी, "माग चालवता येतो का?" दोन तास चालवून दाखवला की काम पक्के. कागद नाही, सही नाही.

आजही माग आहेत, पण कितीतरी बंद पडले, भंगारात गेले. दुसरीकडे माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या भागांत मोठमोठी गोदामे उभी राहिली. याचे एक कारण जकात. मुंबईत शिरणाऱ्या मालावर पूर्वी जकात द्यावी लागे. म्हणून व्यापारी मुंबईच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या जवळ, माल साठवू लागले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र राहिली, उलट वाढली. लोक फोनवरून खरेदी करू लागले, तसा माल ठेवायला, बांधायला आणि पाठवायला माणसे लागू लागली.

या गोदामांत अर्ज भरावा लागतो, कागदपत्रे दाखवावी लागतात, साहेबासमोर बसून बोलावे लागते. हात तेच आहेत, कष्टही तेच आहेत. पण आता आपण कोण, हे आपल्याला तोंडाने सांगावे लागते.

आमची पहिली मुलाखत

आमची पहिली मुलाखत १९७६ सालची. कारकुनाची जागा होती. चुलतभावाचा टेरिकॉटचा सदरा मागून घेतला होता. तो अंगात ढगळ होत होता. सगळे लक्ष त्या बाह्यांकडे. समोर तीन गृहस्थ बसले होते. एकाने विचारले, "आजचं वर्तमानपत्र वाचलंत का?"

आमच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हते. पण नाही कसे म्हणावे? आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, "हो, वाचलं."

"मग पहिल्या पानावर कोणती बातमी आहे?"

आम्ही खाली बघत बसलो. ते गृहस्थ रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "नाही वाचलं म्हणाला असतात, तर मी पुढचा प्रश्न विचारला असता."

ती नोकरी मिळाली नाही. ते वाक्य मात्र जन्मभर पुरले. पुढे आम्ही स्वतः मुलाखती घेऊ लागलो, तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला. मुलाखत घेणाऱ्याला समोरच्या माणसाला काय येत नाही याची फारशी भीती नसते. जे येत नाही ते शिकवता येते. भीती असते ती न येणारे 'येते' म्हणणाऱ्याची. असा माणूस कामावरही तेच करणार. अंदाजाने माल टाकणार, न वाचता 'वाचले' म्हणणार, आणि नुकसान झाल्यावर कळणार.

माणूस पारखणाऱ्यांनी हे जुन्या काळापासून ओळखले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. त्यांनी माणसे घेताना केवळ दाखले पाहिले नाहीत. शाळा अर्धवट सुटलेली माणसे तिथे यंत्रकाम शिकून मोठी झाली. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीची राखण सोपवली, आणि त्या माणसांनी ती इमानाने केली.

तेव्हा वाचकहो, शाळा उशिरा शिकलो याची लाज धरू नका. "लहानपणी शाळा झाली नाही. आता रात्रीच्या वर्गात लिहायला वाचायला शिकलो," असे सरळ सांगा. दिवसभर राबून रात्री पाटीपुढे बसणारा माणूस कामाला टिकतो, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आदल्या दिवशी

आता तयारी. कपडे नवे नसले तरी चालतील, धुतलेले हवेत. उसने कपडे टाळा. आपलेच कपडे असले की जीव त्यात अडकत नाही. नखे कापा, केस विंचरा. मागावरून थेट जाणार असाल, तर डोक्यावरचा आणि कपड्यांवरचा कापसाचा भुरा झटका, तोंड धुवा.

एका पिशवीत कागद नीट लावून ठेवा. आधार कार्ड, पॅन कार्ड असल्यास ते, बँकेचे पासबुक, दोन फोटो, आणि या सगळ्यांच्या झेरॉक्स प्रती. सोबत एक चालणारे पेन. अस्सल कागद फक्त दाखवायचे, हाती द्यायची ती झेरॉक्स प्रत. कुणी अस्सल कागद ठेवून घेऊ लागला तर नम्रपणे नाही म्हणा.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नोकरी देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, मग ते अर्जाचे असोत, गणवेशाचे असोत की अनामत असो, तर तिथून परत फिरा. काम आपण करायचे आणि पैसे त्यांनी द्यायचे, हीच नोकरीची रीत. फोनवर आलेला गुप्त क्रमांक आणि बँकेच्या कार्डाचा पिनही कुणाला सांगू नका.

अंजूर फाटा आणि माणकोली नाक्यावरची वाहनांची कोंडी आपण रोज पाहतो. दहाची वेळ असेल तर साडेनऊला दारात पोहोचायचे, असा हिशेब करून घरातून निघा. जमल्यास आदल्या दिवशी जागा बघून या.

दारापासून खुर्चीपर्यंत

पहिली ओळख साहेबाच्या खोलीत होत नाही, ती फाटकावर होते. फाटकावरचा रखवालदार वहीत नाव लिहायला सांगेल. तो वयाने लहान असला तरी नीट बोला. "दादा, कुठे लिहू?" असे विचारा. आत कोण कसा वागला, हे पुष्कळदा फाटकावरूनच कळते.

तोंडात तंबाखू, मावा, पान काही नको. फोन बंद करा. खोलीत शिरताना "येऊ का साहेब?" किंवा "येऊ का बाई?" असे विचारा. नमस्कार करा, सलाम करा, जशी तुमची रीत असेल तशी. बसा म्हटल्यावर बसा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहा. प्रश्न पुरता ऐका, मग उत्तर द्या. समजला नाही तर "पुन्हा सांगाल का?" असे म्हणा. त्यात कमीपणा नाही.

"आधी काय काम केलं?" असे विचारले, की आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, "काही नाही, मागावर होतो." हे उत्तर चुकीचे आहे. मागावर होतो म्हणजे काय काय केले? इतके माग एकट्याने सांभाळले. रात्रपाळी केली. तुटलेला धागा नजरेने टिपला. ताग्यातला दोष ओळखला. तासन् तास उभे राहून काम केले. हे सगळे सांगा. बाया म्हणतात, "मी घरीच होते." अहो, तुम्ही बचत गटाचे पैसे मोजून वहीत लिहिता, शिलाईचे कपडे दिल्या वेळेला देता, चार पोरांना वेळेवर शाळेत धाडता. ते कामच आहे. तेही सांगा.

"तिथलं काम का सोडलं?" असे विचारतील. कारखाना बंद पडला असेल तर तसे सांगा. भांडण झाले असेल तर "जमलं नाही" एवढे पुरे. जुन्या शेठला शिव्या देऊ नका. ऐकणाऱ्याला वाटते, उद्या हा माझ्याबद्दलही असेच बोलेल.

एका ताईची गोष्ट

आमच्या रात्रीच्या वर्गात एक ताई येत. नवऱ्याचा माग बंद पडला होता. घरात दोन मुले आणि म्हातारी सासू. घरभाडे थकले होते. त्यांना एका गोदामातून पॅकिंगच्या कामासाठी बोलावणे आले. परत आल्यावर त्यांनी वर्गात सगळी हकीकत सांगितली.

सुपरवायझरने त्यांच्या हाती इंग्रजीत छापलेली चिठ्ठी दिली आणि विचारले, "वाचता येतं?"

ताई म्हणाल्या, "इंग्रजी नाही येत साहेब. मराठी येतं, आकडे येतात."

मग त्याने दहा पाकिटे पुढे ठेवली. पिन कोडचा पहिला अंक पाहून वेगळी करा म्हणाला. पिन कोड आपण शिकलो आहोत. तो १९७२ साली सुरू झाला. त्यात सहा अंक असतात. पहिला अंक विभाग सांगतो. आपल्या भिवंडीचा ४२१३०२. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे पिन कोड ४ ने सुरू होतात, गुजरात आणि राजस्थानचे ३ ने.

ताईंनी सावकाश नऊ पाकिटे लावली. दहावे हातात धरून म्हणाल्या, "साहेब, याचा पहिला आकडा पुसला आहे. एक आहे की सात, ते कळत नाही. हे बाजूला ठेवू का?"

तो म्हणाला, "ठेवा. अंदाजानं टाकणारे पुष्कळ येतात."

काम मिळाले. मग कारकुनाने सहीसाठी कागद पुढे केला. ताईंनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पगाराच्या जागी काहीच लिहिले नव्हते. त्या म्हणाल्या, "दादा, इथं कोरं आहे."

"नंतर भरू. सगळे अशीच सही करतात."

ताई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, त्या वेळी पाय लटपटले. वाटलं, आता बोलले तर नोकरी गेली. मुलांची तोंडं समोर आली." तरी त्या म्हणाल्या, "मी थांबते दादा. तुम्ही भरा, मग सही करते."

कारकून कुरकुरला. सुपरवायझरने तो कागद ओढून घेतला, बोलला होता तो आकडा लिहिला आणि म्हणाला, "बाई वाचून सही करतात. पाकिटंही वाचूनच टाकतील."

आपणही त्यांना पाहावे

मुलाखतीत मालक आपल्याला पाहतो, तसे आपणही त्याला पाहायचे असते. शेवटी "काही विचारायचं आहे का?" असे म्हणतील. तेव्हा गप्प राहू नका. पाळी किती तासांची? सुट्टी कोणत्या वारी? पगार कोणत्या तारखेला, आणि बँकेत की हातात? भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, कापतात का? बायांनी स्वच्छतागृहाची आणि रात्री घरी सोडण्याची सोयही विचारावी. गोड शब्दांत विचारले तर चांगला मालक रागावत नाही.

समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, असा कायदा १९७६ साली झाला. आता तो नियम वेतन संहितेत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला हवे. तेव्हा नेमणूकपत्र मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

प्रत्येक ठिकाणी असा सुपरवायझर भेटेल, असे आम्ही म्हणत नाही. कुणी म्हणेल, "सही करायची तर कर, नाहीतर जा." घरात चूल पेटायची असते, हे आम्ही जाणतो. अशा वेळी काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पण निदान कागद वाचा, त्याचा फोनवर फोटो काढा, आणि बोललेला पगार घरी येऊन तारखेसह वहीत लिहून ठेवा.

एक मुलाखत फुकट गेली तर खचू नका. आमची गेली होती. घरी आल्यावर कोणता प्रश्न अडला, ते वहीत लिहा. पुढच्या वेळी तो अडणार नाही.

अभ्यास

१. "आधी काय काम केलं?" या प्रश्नाचे तुमचे स्वतःचे उत्तर पाच ओळींत लिहा.

२. ताईंनी दहावे पाकीट बाजूला का ठेवले? तुम्ही काय केले असते?

३. मुलाखतीच्या वेळी तुम्ही मालकाला कोणते तीन प्रश्न विचाराल? वहीत लिहा.

४. वर्गात दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने सुपरवायझर व्हावे, दुसऱ्याने उमेदवार. मग जागा बदला.

५. घरातला कोणताही छापील कागद घ्या. विजेचे बिल चालेल. तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. जे समजले नाही त्याखाली रेघ ओढा आणि उद्या वर्गात आणा.