निप्पोरीत कापड घेताना

प्रश्न : मी घरी शिवणकाम करते. मुलाकडे टोकियोला जाणार आहे. तिथून कोणतं कापड आणू? – एक वाचक, हिवरखेड (जि. अकोला)

उत्तर : ताई, यामानोते लाइनवरच्या निप्पोरी स्टेशनला उतरा, तिथे कापडाच्या दुकानांची अख्खी गल्लीच आहे. साधं सुती मात्र घेऊ नका, ते अकोल्याच्या बाजारात चांगलं मिळतं. घ्यायचं तर दुहेरी गॉझ घ्या. दोन विरळ सुती थर ठिकठिकाणी टाचलेलं, मऊ, घाम टिपणारं! वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लेकरांच्या झबल्यांना याहून बरं कापड मला ठाऊक नाही. पन्हा बहुधा 110 सेंटिमीटर, म्हणजे 43 इंच. कुर्त्याचा हिशेब त्यावरच करा. सहसा 10 सेंटिमीटरच्या पटीत कापून देतात. बेतण्याआधी धुऊन वाळवा, हे कापड आटतं.