दोनशे पंचावन्ननंतर शून्य

कारखान्यातल्या यंत्रांच्या कंट्रोलर बोर्डांसाठी प्रोग्रॅम लिहिणं हा माझा धंदा. या कामात एक गोष्ट अंगात मुरली की निम्मी डोकेदुखी जाते: संगणकातला पूर्णांक शाळेतल्या संख्यारेषेवर राहत नाही, तो घड्याळाच्या तबकडीवर राहतो. आठ बिटांची जागा असेल तर २५५ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे तिथली प्रत्येक बेरीज-वजाबाकी ही २५६ ने भागून उरलेली बाकी असते. नव्याने आलेल्या पोरांना मी जे सांगतो, ते असं.

१. वेळ पाळायची असेल तर आधी वजाबाकी करा, मग तुलना. आठ बिटांचा टायमर धरू. सुरुवात २५० ला झाली आणि २० टिकांनी मोटर बंद करायची आहे. बहुतेक जण २५० मध्ये २० मिळवून ‘मुदत’ काढतात. येतात २७०, पण जागेत मावतात १४. दोन टिकांनी टायमर २५२ दाखवतो. २५२ हे १४ पेक्षा मोठे, म्हणून मोटर लगेच बंद! आता उलट करा: ‘आत्ता वजा सुरुवात’ काढा आणि ते २० शी ताडून बघा. टायमर फिरून ४ वर आला तरी ४ − २५० = −२४६, आणि तबकडीवर −२४६ म्हणजेच १०. खरोखर दहाच टिका झालेल्या असतात. अट एवढीच की मोजायचा काळ एका पूर्ण फेरीपेक्षा कमी हवा. सी भाषेत आणखी एक खोच आहे: आठ बिटांचे आकडे वजाबाकीआधी मोठ्या प्रकारात जातात, त्यामुळे उत्तर पुन्हा आठ बिटांत आणावं लागतं. आणि हे सगळं अनसाइन्ड आकड्यांचं. साइन्ड आकडा ओव्हरफ्लो झाला तर काय व्हावं, याची सी कसलीच हमी देत नाही.

आर्डुइनोचा मिलिसेकंदांचा काउंटर ३२ बिटांचा आहे; तो साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. टेबलावरच्या चाचणीत कोणी बोर्ड दीड महिना चालू ठेवत नाही. म्हणून मी काउंटर मुद्दाम कमाल आकड्याच्या जरा अलीकडून सुरू करतो. जे व्हायचं ते चहा संपायच्या आत होतं.

२. बाकीऐवजी ‘अँड’ वापरायचा असेल तर भाजक दोनाचा घात हवा. ३०० % २५६ = ४४, आणि ३०० & २५५ हेही ४४, कारण खालची आठ बिटं तेवढी उरतात. पण शंभर जागांच्या बफरला कोणी & ९९ लावलं तर? ९९ म्हणजे ६४ + ३२ + २ + १, चारच बिटं चालू. शंभरपैकी फक्त सोळा जागा वापरल्या जातील. प्रोग्रॅम बंद पडत नाही, तक्रारही करत नाही. माहिती मात्र एकमेकींवर लिहिली जाते. शिवाय भाजक ठरलेला असेल, तर अनसाइन्ड आकड्यांसाठी ही अदलाबदल आजचे कंपायलर स्वतःच करतात. तुम्ही साधं % लिहा.

३. ऋण संख्येची बाकी भाषेनुसार बदलते. सोमवार शून्य धरला, तर तीन दिवस आधीचा वार −३ % ७. पायथन ४ देतो, म्हणजे शुक्रवार; बरोबर. सी आणि जावा −३ देतात. उणे चिन्ह दिसलं की कोणीतरी ते पुसून टाकतं आणि ३ म्हणजे गुरुवार पदरात पडतो. बाकी ऋण आली तर त्यात ७ मिळवा. याच कारणाने सम-विषम तपासताना ‘बाकी १ आहे का’ असं विचारू नका, ‘बाकी शून्य नाही ना’ असं विचारा. सी मध्ये −३ ची दोनाने भागून बाकी −१ येते.

४. कंस घाला. सी मध्ये == हे & च्या आधी सोडवलं जातं. ‘क्ष & १ == ०’ चा अर्थ ‘क्ष & (१ == ०)’ होतो, आणि ते कायम शून्य.

५. तिसऱ्या जागेशिवाय एक्सॉरने दोन आकड्यांची अदलाबदल करण्याची युक्ती मुलाखतीपुरती ठेवा. दोन्ही नावं एकाच जागेची निघाली तर तिथे शून्य उरतं. एक्सॉरचं खरं काम रेड ५ मध्ये बघावं: एक डिस्क गेली, की उरलेल्यांच्या एक्सॉरमधून तिच्यावरचा मजकूर परत मिळतो.

६. भाजक निवडताना त्याचे अवयव बघा. पुस्तकांचा जुना दहा अंकी आयएसबीएन ११ च्या बाकीवर चाले. ११ मूळ संख्या, त्यामुळे शेजारचे कोणतेही दोन अंक उलटसुलट झाले तरी चूक पकडली जाई. बदल्यात शेवटी कधीकधी दहासाठी रोमन एक्स छापावा लागे. २००७ पासूनच्या तेरा अंकी क्रमांकात भाजक १० आणि वजनं आलटून पालटून १ व ३. वजनांत फरक दोनाचा, आणि दोन हा दहाचा अवयव. म्हणून २७ चे ७२ झाले तर यंत्र गप्प! मला हा सौदा आजही पटत नाही. आधारच्या शेवटच्या अंकाला १९६९ ची फेरहूफ यांची पद्धत आहे. तिच्यात अंकांचा क्रम बदलला की उत्तरही बदलतं, त्यामुळे दहाच अंकांत भागवून शेजारच्या सगळ्या अदलाबदली सापडतात.

७. आज बसवलेलं यंत्र २०३८ मध्येही चालू असेल असं धरा. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या साइन्ड आकड्यात ठेवले असतील, तर १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ते भरतात. पुढच्या सेकंदाला तारीख डिसेंबर १९०१ ची होते. नवा कंपायलर ६४ बिटांची वेळ देतो, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मेमरी चिपवर किंवा दुसऱ्या यंत्राकडे जाणाऱ्या संदेशात वेळेला चारच बाइट ठेवले असतील, तर वरची बिटं तिथेच गळतात. त्यामुळे मी आधी फाइल आणि संदेशांचे आराखडे उघडतो, कोड नंतर.