जुन्या मशीनला मोठी डिस्क

डीटीपीवाल्यांची जुनी मशीनं आता तुझ्या टेबलावर येणार, म्हणून सांगून ठेवतो. पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टांत त्यांची वर्षानुवर्षांची पानं आहेत. त्यासाठीच ती माणसं एक्सपी सोडत नाहीत, कुणी तर अजून ९८ वर आहे. ‘नवीन घ्या’ म्हणून त्यांना वाटेला लावू नकोस. त्यांची डिस्क कुरकुरायला लागलेली असते, लहान डिस्क बाजारात मिळत नाही, आणि मग मोठी लावायची वेळ येते.

गिऱ्हाईक आधी विचारेल, ५०० जीबीची डिस्क ४६५ का दाखवते? कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. एवढं सांग आणि पुढे चल.

खरं जपायचं ते १३७ जीबीला. डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो आणि जुन्या पद्धतीत तो २८ बिटांत लिहायचे. त्यात साधारण २६ कोटी ८४ लाख सेक्टर बसतात. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे झाले १३७ जीबी. विंडोजच्या मोजणीत १२८. मशीन तिथेच अडून बसलं असतं तर काळजी नव्हती. पण वरचे बिट गळले की जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखा क्रमांक पुन्हा शून्यावर येतो, आणि पुढची फाइल डिस्कच्या सुरुवातीला, थेट पार्टिशन टेबलावर लिहिली जाऊ शकते. डिस्क भरत आलेली असते, काम छान चाललेलं असतं, आणि एका सकाळी मशीन उघडतच नाही.

म्हणून माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हिस पॅक बघितल्याशिवाय स्क्रू फिरवू नकोस. एक्सपीला निदान सर्व्हिस पॅक १ हवा. विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ हवा, शिवाय रजिस्ट्रीत ‘एनेबल-बिग-एलबीए’ची नोंद स्वतः करावी लागते, ती विसरलास तर सर्व्हिस पॅक असून उपयोग नाही. मदरबोर्डचा बायोसही ४८ बिटांचे सेक्टर क्रमांक समजणारा लागतो. ९८ च्या मूळ ड्रायव्हरला हे जमतच नाही. तिथे सगळी पार्टिशनं मिळून १२० जीबीच्या आत ठेव आणि उरलेली जागा कोरी सोड. गिऱ्हाईक हळहळेल, तरी सोड.

९८ च्या मूळ एफडिस्कने ८० जीबीची डिस्क साडेदहाची दाखवली तर ती खराब म्हणून परत पाठवू नकोस. तो एफडिस्क ६४ च्या पुढे चुकतो.

दुसरी मोठी हद्द २ टीबीची. एमबीआर पार्टिशन टेबलात सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा असतो. जुना ड्रायव्हरही तेवढ्याच बिटांत मोजत असेल तर ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते. २ टीबीच्या पलीकडे जीपीटी लागतं आणि नेहमीच्या ३२ बिट एक्सपीला ते वाचता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह’ दिसलं तर हात मागे घे. आत माल असतो, फक्त त्या मशीनला दिसत नाही. एकदा लक्षात ठेव: भरलेली डिस्क लावल्यावर जुनं विंडोज ‘इनिशियलाइझ करू का, फॉरमॅट करू का’ विचारेल, तेव्हा उत्तर नाही. कितीही घाई असली तरी नाही.

यूएसबी डब्यातल्या डिस्कची गोष्ट वेगळी. काही डबे एक्सपीला ३ टीबी दिसावी म्हणून सेक्टर ४०९६ बाइटचा असल्याचं भासवतात. डबा बिघडला म्हणून डिस्क काढून सरळ जोडलीस, तर ती कोरी वाटेल. घाबरू नकोस, पुसूही नकोस. तसलाच डबा शोध.

मोठी डिस्क बसवलीस की लगेच गिऱ्हाइकाचा माल चढवू नकोस. आधी टाकाऊ मोठ्या फाइली हद्दीच्या पलीकडे जाईपर्यंत भर, मशीन बंद करून पुन्हा चालू कर, आणि सगळ्यात पहिली भरलेली फाइल उघडून बघ. बिघाड झालाच तर सुरुवातीला सापडतो. यात अर्धा दिवस जातो. तो जाऊ दे, त्याचे पैसेही माग.

आणि जुनी डिस्क पुसायची नाही. पाकिटात घालून, वर तारीख लिहून मालकाच्या हातात दे. त्याला सांग, नव्या डिस्कवरून निदान एक अंक छापून बाहेर पडेपर्यंत ही कपाटात ठेवा.