मामा तलावातल्या लाटा आणि मोबाइलचं गुपित



लहरींचा पाठ शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, मोबाइलचं बोलणं हवेतून जाते, मग मधात कोणी ऐकत नाही का?" प्रश्न रास्त आहे. रेडिओ लहरी सगळीकडे पसरतात. म्हणूनच फोन आणि वाय-फाय संदेशाला सांकेतिक कुलूप लावतात. पण लहरींनाच राखणदार करता येईल का?

1975 मध्ये बेल लॅबचे आरोन वायनर यांनी गणिताने दाखवलं की, चोरून ऐकणाऱ्याला संदेश आपल्या माणसापेक्षा अस्पष्ट मिळत असेल, तर किल्लीशिवायही गुपित राखता येतं. मग त्याच्यासाठी तो मुद्दाम अस्पष्ट केला तर? 2008 मध्ये सताशू गोयल आणि रोहित नेगी यांनी तो मार्ग मांडला: संदेशासोबत गोंगाटही पाठवायचा, पण आपल्या माणसाच्या जागी तो शून्य व्हावा असा.

हे कसं शक्य आहे? आपला भंडारा तलावांचा जिल्हा. मामा तलावाच्या काठी (मोठ्यांसोबतच!) दोन मुलांना थोड्या अंतरावर, एकाच ठेक्यात काठीने पाणी हलवायला सांगा. काही जागी एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि पाणी जवळजवळ शांत राहतं. अनेक अँटेना वापरून असाच 'शांत ठिपका' आपल्या फोनवर आणायचा. बाकी सगळीकडे गोंगाट.

आता खरी अडचण पाहू. ठिपका नेमका कुठे आणायचा, हे मोजून ठरवावं लागतं आणि मोजमाप कधीच पूर्ण अचूक नसतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फाय लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते. म्हणजे फोन चार बोटं सरकला, दार उघडलं, कोणी समोरून गेलं, की जुनं मोजमाप चुकतं आणि थोडा गोंगाट आपल्याच माणसाच्या कानी पडतो. दुसरं असं की, चोरून ऐकणारा स्वतः काहीच पाठवत नाही. तो कुठे बसलाय हे कळणार कसं?

यावर उपाय आपल्या धान शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाऊस किती पडेल हे नक्की माहीत नसतं, म्हणून तो बांधीचा बांध थोडा उंचच घालतो. तसंच इथे मोजमापात जास्तीत जास्त किती चूक होऊ शकते ते धरायचं आणि सर्वात वाईट परिस्थितीतही गुपित टिकेल असा वेग व गोंगाट ठरवायचा. किंमत एकच, संदेश जरा सावकाश जातो.

मात्र हे कुलपाला पर्याय नाही, वरची जोड आहे. घरच्या वाय-फायला मजबूत पासवर्ड हवाच आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.

वर्गात विचारा: दोन काठ्यांपैकी एकीचा ठेका चुकला, तर शांत ठिपका कुठे जाईल? उत्तर सांगू नका, मुलांना पाण्यातच शोधू द्या.