मेळघाटातील सेवाव्रती दाम्पत्याचा संसार

सेमाडोह, ता. चिखलदरा, जि. अमरावती



दुर्गम भागात जन्म काढायला गेलेल्या डॉक्टर दाम्पत्याचा संसार आणि दवाखाना बहुधा एकाच छपराखाली असतो. त्यामुळे त्यांच्या सेवेचा विचार घरच्या व्यवस्थेपासून वेगळा करता येत नाही. महिन्याचा खर्च कितीत भागवायचा, रात्री दार कोणी उघडायचे, स्वतःचे मूल आजारी पडले तर कोठे न्यायचे, एवढे प्रश्न दोघांनी आधी सोडवलेले असतील तर काम वीस-तीस वर्षे टिकते. सोडवलेले नसतील तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच गाशा गुंडाळावा लागतो. महाराष्ट्रात अशा दाम्पत्यांची परंपराच आहे: आनंदवनात बाबा व साधनाताई आमटे, १९७३ पासून हेमलकशात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे, १९८६ पासून गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग. मेळघाटात या परंपरेतील ठळक नाव बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांचे. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरने त्यांच्या पुरस्काराआधी त्यांच्या संसाराचा अभ्यास करावा.

सेमाडोह हे परतवाडा–धारणी रस्त्यावरचे, सिपना नदीकाठचे गाव. याच रस्त्याने पुढे कोलकास, हरिसाल आणि धारणी लागते. बैरागड धारणी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगांतील हा सागाचा मुलूख १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या येथून तापीकडे जातात. वस्ती मुख्यतः कोरकूंची. समोरासमोर दोन ओळींत बांधलेली घरे, मध्ये रुंद रस्ता, कुडाच्या सारवलेल्या भिंती, अशी गावाची मांडणी असते. कोरकू भाषा मुंडा कुळातली असल्यामुळे मराठी किंवा हिंदी येते म्हणून ती समजत नाही. झड लागली की नाल्यांना पूर येतात आणि लहान ढाणे, म्हणजे वस्त्या, रस्त्यापासून तुटतात. येथील डॉक्टरच्या दिनक्रमाचे निम्मे नियम हा भूगोलच ठरवतो.

रवींद्र कोल्हे मूळचे शेगावचे. वडील रेल्वेत नोकरीला होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधी-विनोबांच्या विचाराने त्यांनी खेड्यात जाण्याचे ठरवले, पण केवळ निश्चयावर ते निघाले नाहीत. सेवाग्रामचे डॉ. उल्हास जाजू यांनी त्यांना तीन गोष्टी शिकून घ्यायला सांगितले होते: सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करणे, एक्स-रेवाचून न्यूमोनिया ओळखणे आणि अतिसारावर उपचार करणे. त्यासाठी ते सहा महिने मुंबईत राहिले.

या तीन गोष्टी आजही दुर्गम भागातील दवाखान्याचा कणा आहेत. एक्स-रे नसताना न्यूमोनिया श्वास मोजून ओळखतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर धोका मोठा. अतिसारात शरीरातले पाणी आणि क्षार जातात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी घोट-घोट पाजले तर बहुतेक मुलांना सलाईन लागत नाही. बाळंतपणात मात्र हातातले कसब जितके मोलाचे, तितकेच कोणती बाई वेळीच पुढे पाठवायची हे ओळखणे मोलाचे. लांबलेल्या कळा, झटके, आडवे मूल आणि न थांबणारा रक्तस्राव यांत थांबून पाहण्याला जागा नसते. शहरात या गोष्टी यंत्राच्या भरवशावर सोडता येतात, बैरागडात त्या डॉक्टरच्या हाताला आणि डोळ्यालाच याव्या लागतात.

तयारी एकदाच करून संपत नाही. बैरागडात काम सुरू झाल्यावर स्फोटात हात गमावलेला एक माणूस तेरा दिवसांनी कोल्हे यांच्याकडे आला. त्याच्यासाठी पुरेसे काही करता येत नाही हे दिसल्यावर त्यांनी पुन्हा महाविद्यालय गाठले. १९८७ मध्ये त्यांनी एम. डी. केले आणि प्रबंधाचा विषय मेळघाटातील कुपोषण हाच घेतला. मधेच शिकायला जाणे म्हणजे काम सोडणे नव्हे. ज्याला तीस वर्षे राहायचे आहे त्याने दोन वर्षे शिक्षणाला दिली तर गावाचे नुकसान होत नाही.

पुढचा टप्पा लग्नाचा. कोल्हे यांनी वधूपुढे ठेवलेल्या चार अटी विदर्भात सर्वश्रुत आहेत: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांत होणारे नोंदणी लग्न, महिन्याला चारशे रुपयांत घर चालवणे, आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीक मागण्याची तयारी. या अटी ऐकून अनेक स्थळे परत गेली. वरवर त्या विक्षिप्त वाटतात, पण प्रत्येकीमागे हिशेब आहे. एसटी हरिसालपर्यंतच जात असे, पुढचे चाळीस किलोमीटर पायी तोडावे लागत. चारशे रुपये म्हणजे रुपया-दोन रुपये फीमधून महिन्याला जमू शकणारी मिळकत. नोंदणी लग्नात कर्ज होत नाही. चौथी अट स्वाभिमानाची परीक्षा पाहणारी, कारण रुग्णासाठी औषध, कपडा किंवा गाडीभाडे मागण्याची वेळ हमखास येते. नागपूरच्या डॉ. स्मिता मांजरे यांचा होमिओपॅथीचा व्यवसाय चांगला चालत असताना त्यांनी हे सर्व मान्य केले आणि १९८८ मध्ये लग्न झाले. ज्या जोडप्याला असे जगायचे आहे त्याने आपल्या अटी आकड्यांत आणि लग्नाआधी बोलाव्यात. ‘पुढे पाहू’ म्हणून टाळलेली गोष्ट पुढे भांडणाचे कारण होते.

पैशाच्या बाबतीत या घराचा नियम साधा राहिला. पहिल्या तपासणीला दोन रुपये, पुन्हा दाखवायला आल्यास एक रुपया. अगदी फुकट दिलेल्या औषधाची किंमत राहत नाही आणि जास्त फी घेतली तर रोगी उशिरा येतो. नाममात्र फीमध्ये दोन्ही अडचणी टळतात. मात्र एवढ्या मिळकतीत घर चालवायचे तर गरजाही गावाच्या मापाने ठेवाव्या लागतात. घरात अन्न, वस्त्र आणि भांडी शेजाऱ्यांसारखीच असली की लोक बिनधास्त उंबरा ओलांडतात.

दिवसाचे वेळापत्रक रोगी ठरवतात. रोजची गर्दी, आठवडी बाजाराच्या दिवशी वाढणारी वर्दळ, लांबच्या ढाण्यावरून खाटेवर उचलून आणलेला माणूस आणि अवेळी येणारी बाळंतपणाची वर्दी, यांत जेवणाची आणि झोपेची वेळ पाळता येत नाही. म्हणून दोघांत कामाची वाटणी लागते. एक जण बाहेर गेला तर दुसऱ्याने दवाखाना उघडा ठेवायचा, एक जण रात्रभर जागला तर सकाळ दुसऱ्याने सांभाळायची. स्त्री डॉक्टरचे मोल येथे विशेष. कोरकू बाया पुरुष डॉक्टरपुढे जे बोलत नाहीत ते बाईजवळ बोलतात. तरीही ती डॉक्टर म्हणून मान्य व्हायला वेळ लागतो. स्मिताताईंनाही सुरुवातीला ‘डॉक्टरची बायको’ याच्या पलीकडे स्थान मिळवावे लागले. अशा वेळी नवऱ्याने रोग्याला स्वतःहून पत्नीकडे पाठवणे हा तिच्या अधिकाराचा जाहीर पुरावा ठरतो.

लोकांचा पहिला आधार डॉक्टर नसतो, भूमका (गावचा मांत्रिक) आणि दाई असतात. पोट फुगलेल्या किंवा धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची ‘डंबा’ ही प्रथा मेळघाटात चालत आली आहे. त्याने बाळाचे हाल वाढतात आणि जंतुसंसर्गाचा धोका येतो, म्हणून ती थांबलीच पाहिजे. पण भूमक्याला चार लोकांत अपमानित करून ती थांबत नाही, बाळ लपवले जाते एवढेच. त्याला विश्वासात घेऊन ‘तू मंत्र म्हण, पण बाळ त्याच दिवशी दवाखान्यात पाठव’ असे सांगणे अधिक उपयोगी पडते. त्यासाठी कोरकू बोलता आली पाहिजे. दुभाष्यामार्फत औषध सांगता येते, आईची समजूत काढता येत नाही.

विश्वास मिळण्याचा क्षण कोल्हे दाम्पत्याच्या घरातच आला. स्मिताताईंचे पहिले बाळंतपण शहरात न नेता बैरागडलाच झाले आणि ते रवींद्र यांनी केले. बाळाला न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तात संसर्ग अशी गंभीर दुखणी झाली. अकोल्याच्या रुग्णालयात हलवण्याचा सल्ला मिळाला. गावातल्या इतर मुलांवर होतो तोच उपचार आपल्या मुलावर येथेच व्हावा, असा निर्णय स्मिताताईंनी घेतला. मूल वाचले आणि त्यानंतर गावाने या घराला आपले मानले. मात्र हा प्रसंग नियम म्हणून घेऊ नये. तेव्हा रस्ते नव्हते, वाहने नव्हती. आज रुग्णवाहिका मिळत असताना मुलाला किंवा बाळंतिणीला जाणूनबुजून धोक्यात ठेवणे चुकीचे होईल. घेण्याजोगी गोष्ट एवढीच की स्वतःसाठी एक आणि गावासाठी दुसरा, असे दोन दर्जे घरात असू नयेत.

येथील वर्षाला तीन तोंडे आहेत. पावसाळ्यात वाट बंद, घरातले धान्य संपलेले आणि अतिसार, हिवताप जोरात. हिवाळ्यात उघड्या अंगाची मुले न्यूमोनियाने आजारी पडतात. सुगी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी खाली वऱ्हाडात आणि त्याहून दूर उतरतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा मोठा सण, त्यामुळे मुलांची वजने घेणे आणि लसीकरण यांचा नेम त्याच्या आगेमागे धरावा लागतो. मुले मरतात त्याचे मूळ कपडा आणि अन्न नसण्यात आहे, आणि ते नाही कारण बापाच्या हाताला बारमाही काम नाही, असे निदान कोल्हे यांनी केले. त्यातून दवाखान्याचे काम शेतापर्यंत पोहोचले. लोक गुरे दाखवायला आणू लागले तेव्हा त्यांनी जनावरांचे वैद्यक शिकून घेतले आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मदत घेतली. बुरशीला दाद न देणारे बियाणे तयार झाल्यावर ते पेरायला कोणी धजेना, तेव्हा दोघांनी आधी स्वतः शेती करून दाखवली. रेशनचे धान्य लोकांपर्यंत पोहोचावे, रस्ते आणि वीज यावी, यासाठीही त्यांनी पाठपुरावा केला. त्यांचे घर पाहून सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी चांगले घर बांधून देऊ केले, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी रस्ते मागितले.

मुलांचे शिक्षण, स्वतःच्या आईवडिलांचे म्हातारपण आणि दोघांची प्रकृती या तीन बाबी अशा संसारात सर्वांत जास्त दुर्लक्षिल्या जातात. आफ्रिकेतील एक उदाहरण यासाठी डोळ्यांपुढे ठेवावे. १९१३ मध्ये डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांच्या पत्नी हेलेन आजच्या गॅबॉनमधील लांबारेने येथे गेले आणि कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात त्यांनी दवाखाना सुरू केला. हेलेन यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल त्याच देत. पण त्यांची प्रकृती ढासळली. १९२४ मध्ये श्वाइट्झर पुन्हा निघाले तेव्हा हेलेन आपल्या लहान मुलीसह युरोपातच राहिल्या आणि पुढची अनेक वर्षे पतिपत्नी बहुतांशी दूर राहिली. काम जगप्रसिद्ध झाले, पण त्याची किंमत एकाच बाजूने अधिक मोजली. दरवर्षी काही दिवस विश्रांती, दोघांची तपासणी आणि नातलगांकडे जाणे-येणे हे खर्चाच्या यादीतच धरावे. कोल्हे यांच्या घरात थोरला मुलगा शेतीत रमला आणि धाकटा वैद्यकाकडे वळला. मुलांना आपलाच मार्ग बांधून न देता त्यांना तो आवडेल इतपत घर प्रसन्न ठेवणे, एवढेच आईवडिलांच्या हाती असते.

सर्वांनीच असे विरक्त राहावे असे नाही. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांनी १९९८ पासून दुसरी वाट घेतली. आशिष सातव फिजिशियन, कविता सातव नेत्रशल्यचिकित्सक. त्यांनी ‘महान’ ही संस्था उभी करून रुग्णालय चालवले आणि गावातल्याच बायांना शिकवून घरोघर बाळांची देखभाल सुरू केली. संस्थेत देणग्या, हिशेब आणि माणसे सांभाळावी लागतात, पण डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता उपचार तिच्याशिवाय होत नाहीत. कोणती वाट घ्यायची हे आपल्या विद्येवर ठरवावे. जनरल डॉक्टरला छोटे घर पुरते, सर्जनला रुग्णालय लागते.

अशा कामाचे फळ सावकाश दिसते. बैरागड परिसरात हजार जन्मांमागे दोनशेच्या घरात असलेले बालमृत्यू साठच्या आत आल्याचे कोल्हे सांगतात. त्यात सरकारी आरोग्य केंद्रे, रस्ते आणि रेशन यांचाही वाटा आहे. २०१९ मध्ये दोघांना मिळून पद्मश्री मिळाली, म्हणजे काम सुरू झाल्यावर तीस वर्षांहून अधिक काळाने. एवढा काळ कौतुकाशिवाय काम करता येईल, अशी खात्री असलेल्यानेच या वाटेला लागावे.

म्हणून मेळघाटात येऊ इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरने आधी तीन गोष्टी कराव्यात: बाळंतपण आणि बालरोग यांत हात पक्का करावा, कोरकू शिकायला लागावे, आणि येथल्या एखाद्या चालत्या दवाखान्यात जून ते फेब्रुवारी असा पावसाळा व हिवाळा सलग काढावा. जोडीदार ठरला असेल तर त्यानेही सोबत यावे. त्यानंतरही दोघांचे मन राहायचे म्हणाले तरच लग्नाची आणि कामाची तारीख धरावी. एकाचे जरी नाही म्हणाले, तरी ते प्रामाणिकपणे मान्य करून शहरात चांगला डॉक्टर व्हावे. त्यात कमीपणा नाही.