मास्टर्सचा फॉर्म भरण्याआधी

बीएफएची चार वर्षं संपत आली तुझी. ताईचा फोन मात्र रोज एकच: "अजून दोन वर्षं मास्टर्स, आणि मग खाणार काय?" मामाने मुलुंडच्या शाळेत जन्मभर ड्रॉइंग शिकवलं, एवढ्या हक्काने सांगतो, ऐक.

नुसत्या कागदासाठी मास्टर्स करू नकोस. गॅलरीवाला मार्कशीट बघत नाही. कागद लागतो तो कॉलेजात शिकवायला: मास्टर्सला ५५ टक्के आणि वर नेट. नेटला दृश्यकला हा विषय आहे, तो अभ्यास आत्तापासूनच जोडीला ठेव. पण कायम जागा निघेपर्यंत तासिकेवर राबावं लागतं आणि ते पैसे वेळेवर येतीलच असं नाही. मी एका ठिकाणी सहा महिने वाट पाहिली होती. त्या भरवशावर भाड्याची खोली घेऊ नकोस.

मास्टर्स करायचं ते जागेसाठी. बोरिवलीच्या तुमच्या वन बीएचकेत चार फुटी कॅनव्हास उभा केला की आजीला मोरीकडे जाता येत नाही, आणि टर्पेंटाइनच्या वासाने वरणभातसुद्धा कडू लागतो. कॉलेजात दोन वर्षं एक भिंत तुझी असते. घरी कधीच घेता येणार नाही असं एचिंगचं प्रेस असतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी तिथल्या मुलांना गाठ आणि स्टुडिओला कुलूप किती वाजता लागतं ते विचार. माहितीपत्रकात हे छापत नाहीत.

जे.जे. १८५७ची असली तरी २०२३पासून ती अभिमत विद्यापीठ झाली. त्यामुळे प्रवेशाचं आणि फीचं जुन्या सीनिअर्सच्या तोंडून ऐकू नकोस, यंदाचं पत्रक बघ. चार वर्षं तिथेच काढली असशील तर बडोद्याचाही विचार कर. घरापासून लांब गेलं की हात मोकळा होतो. डिझाइनकडे ओढा असेल तर पवईचं आयडीसी आहेच, कांजूरमार्गला उतरून रिक्षा. तिथे सीड परीक्षा द्यावी लागते आणि नोकरीची वाट जास्त सरळ आहे. पण पेंटिंगचा हट्ट तिथे नेऊ नकोस.

नोकरीची लाज तर अजिबात नको. प्रभाकर बरवे कित्येक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते. सुधीर पटवर्धन २००५पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात चित्रं. घाईही नको. घाटकोपरचे अतुल दोडिया १९८२ला जे.जे.तून बाहेर पडले आणि पॅरिसला शिकायला गेले १९९१मध्ये. पुढे त्यांनी चित्रं रंगवली ती दुकानाच्या लोखंडी शटरवर. असली शटरं स्टेशनबाहेर आपण रोज बघतो, दिसली त्यांना!

आता हाताची कामं. मोठा कॅनव्हास लोकलच्या मालडब्यातून उभा नेऊ नकोस, पाटीचा कोपरा लागून भोक पडतं. फ्रेमवरून उतरव, जाड पाइपवर गुंडाळ, आणि रंगाची बाजू बाहेर ठेव. आत ठेवलीस तर रंग दबतो, भेगा पडतात. रंग पुरता वाळल्याशिवाय गुंडाळायचाच नाही, आणि पावसाळ्यात तेलरंग वाळायला किती दिवस लागतात ते तुला ठाऊक आहे. कागदावरची कामं पावसाळी भिंतीला टांगू नकोस, बुरशी धरते. प्रत्येक चित्राच्या मागे माप, माध्यम, साल लिही. विकलं गेलं तर कोणाला आणि केवढ्याला, ते वहीत. गॅलरी किती टक्के कापणार हे चित्र देण्याआधी लिहून घे. निम्म्यापर्यंतसुद्धा कापतात.

ताईला मी समजावतो. तू रविवारी पोर्टफोलिओ घेऊन ये. वीस चित्रं आण, त्यातली आठ आपण बाजूला काढू.